पत्रा आणि पाणी

क्वालिसच्या दाराचा पत्रा अंगठ्यानं दाबला की थोडा आत जायचा आणि बोट काढलं की टक् करून वर यायचा. गाडी पुसताना हा आवाज मी रोज ऐकायचो, पण त्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. २७ नोव्हेंबर २००८ च्या पहाटे सिंधुदुर्गात ओरोसला पोलीस मुख्यालयात मी गाडी धूत होतो. रात्रभर कुणी झोपलं नव्हतं. वायरलेस थांबायला तयार नव्हता, टीव्हीसमोर अर्धं मुख्यालय उभं होतं. किनाऱ्यावर निघायचा हुकूम आला तसा मी बादली घेऊन बाहेर आलो, ओल्या फडक्यानं दार पुसायला लागलो आणि अंगठा नेहमीच्या जागी टेकला. टक्. हात तिथंच थांबला. काही तासांपूर्वी मुंबईत, कामा हॉस्पिटलच्या शेजारच्या गल्लीत, अशाच एका क्वालिसमध्ये हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे पोलीस अधिकारी अतिरेक्यांच्या गोळ्यांनी गेले होते.

मी पोलीस खात्यात चालक होतो. पुढं एमटी सेक्शनमध्ये, म्हणजे मोटार परिवहन शाखेत आलो आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. गाडीच्या दाराचा पत्रा मिलिमीटरभरसुद्धा जाड नसतो, हे कुणी मला सांगायची गरज नव्हती. पत्र्यानं पाऊस अडतो, धूळ अडते, फार तर एखादा दगड अडतो. एके-४७ ची गोळी एका दारातून येते आणि दुसऱ्या दारातून जाते. हे ठाऊक असूनही त्या पहाटेपर्यंत त्या पत्र्याआड बसणं मला सुरक्षित वाटायचं. दार लावलं की आपण आत, बाकीचं जग बाहेर. वीस वर्षं मी तसाच बसत आलो होतो.

ती क्वालिस कुठं निघाली होती, हे लोकांच्या बोलण्यात फारसं येत नाही. कामा हॉस्पिटलमध्ये पोलीस अधिकारी सदानंद दाते जखमी झाले होते, अतिरेक्यांशी लढत अडकले होते. त्यांच्या मदतीला ही गाडी चालली होती. म्हणजे त्या क्षणी ती बचावाची गाडी होती. अडकलेल्या माणसाकडे जाणारी माणसं तिच्यात बसली होती आणि त्यांच्या अंगाभोवती माझ्या गाडीला होता तेवढाच पत्रा होता. मागच्या बाजूला अरुण जाधव गोळ्या लागून सहकाऱ्यांच्या देहांखाली पडले होते. कसाब आणि इस्माइल हे दोन अतिरेकी तीच गाडी घेऊन पुढं निघाले तेव्हा जाधव आतच होते, आणि ते वाचले. पुढं गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळ्यांनी कसाबची बंदूक धरली, तेव्हा त्यांच्या हातात काठी होती.

त्या दिवशी आम्ही आचऱ्यापासून देवबागपर्यंत एकेक बंदर, एकेक उतार पाहत गेलो. सर्जेकोटला होड्या लागत होत्या, दांडीवर जाळी झाडणं चाललं होतं. आमची गाडी थांबली की माणसं गोळा होत. अतिरेकी समुद्रातून आले, एवढं तोपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. मी मूळचा मालवणातला, घरची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं, होती, त्यामुळं बरेचजण ओळखीचे. दोन-तीन दिवसांनी 'कुबेर' ट्रॉलरची सगळी हकीकत पेपरात आली. खलाशांना मारलं, तांडेल, म्हणजे बोटीचे नाखवा, अमरसिंह सोळंकी यांच्याकडून बोट मुंबईजवळ आणवली आणि मग त्यांचाही गळा चिरला. मी ती बातमी घरी वाचून दाखवली. बाबा ओटीवर जाळं विणत होते. त्यांचा हात थांबला. "तांडेलाक मारल्यानी?" एवढंच विचारलं आणि जाळं बाजूला ठेवून ते किनाऱ्यावर निघून गेले. बाबांच्या लेखी त्या हल्ल्याची सुरुवात मुंबईत झाली नव्हती. ती भर समुद्रात, एका तांडेलावर झाली होती.

त्यानंतरची काही वर्षं खरेदीची होती. मुंबईला 'मार्क्समन' गाड्या आल्या. महिंद्राची चिलखती गाडी, सीएसटीसमोर, सिद्धिविनायकाजवळ उभी असायची; पर्यटक तिच्याजवळ फोटो काढायचे. 'फोर्स वन' हे कमांडो पथक उभं राहिलं. जमिनीवर चाकांनी आणि पाण्यात बोटीसारख्या चालणाऱ्या सीलेग्ज बोटी न्यूझीलंडहून मुंबई पोलिसांकडे आल्या. 'बुलेटप्रूफ' हा शब्द आमच्या जिल्ह्यातही ठाण्याठाण्यात ऐकू येऊ लागला. जाकिटं आली, हेल्मेटं आली.

एका गणपतीत बंदोबस्तासाठी मुंबईला गेलो असताना एक मार्क्समन मी जवळून पाहिली. तिच्या चालकाशी ओळख काढली. तो साताऱ्याकडचा, माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी लहान. "उघडा की दादा दार," म्हणाला. मी एका हातानं ओढलं, हललं नाही. खांदा लावावा लागला. सहा मिलिमीटरच्या पोलादी पत्र्याचं वजन एका चौरस मीटरला सत्तेचाळीस किलो भरतं. हे गणित मी पुढं अनेकांना सांगितलं, पण ते मला पहिल्यांदा कळलं ते त्या दारानं खांद्याला दिलेल्या ओढीतून. आत बसलो. काच एवढी जाड की बाहेरचा रस्ता किंचित हिरवट दिसत होता, जणू शेवाळलेल्या पाण्यातून पाहतोय. काच खाली होत नाही. एसी बंद पडला तर आतली माणसं उकडून निघतात. काचेच्या कडेला आत बुडबुडे धरायला लागले होते, दुधासारखी पांढुरकी रेघ. काचेचे थर उन्हानं सुटायला लागले की असं होतं आणि मग काच बदलावी लागते. ती काच कुठल्या गॅरेजात मिळत नाही.

"ब्रेक कधी लावतोस?" मी त्याला विचारलं.

"तुम्ही लावाल त्याच्या बऱ्याच आधी," तो म्हणाला. "ही थांबते, पण तिच्या मनानं."

मग त्यानं मला जे सांगितलं ते मी विसरलो नाही. ही गाडी अंगावर चालून जायला नाही, आत शिरून माणूस बाहेर आणायला आहे, असं तो म्हणाला. गोळीबार चालू असताना रस्त्यात पडलेल्या जखमीपर्यंत जायचं, गाडी त्याच्या आणि गोळीच्या मध्ये आडवी घालायची, मागचं दार उघडून त्याला आत घ्यायचं. बाकी सगळं नंतर. बाहेरच्या देशांत शहर पोलीस अशा गाड्यांना चिलखती बचाव वाहन म्हणतात ते याच कारणानं. २८ फेब्रुवारी १९९७ ला लॉस एंजेलिसच्या नॉर्थ हॉलिवूड भागात बँक लुटून बाहेर पडलेल्या दोघांनी अंगावर चिलखत चढवून भर रस्त्यात स्वयंचलित बंदुका चालवल्या. पोलिसांच्या गोळ्या त्यांना लागत होत्या, पण ते पडत नव्हते. जखमी पोलीस आणि नागरिक रस्त्यावर अडकले. तेव्हा पोलिसांनी रोकड वाहून नेणारी एक चिलखती गाडी ताब्यात घेतली आणि तिच्या आडोशानं जखमींना बाहेर काढलं. मी हे वाचलं तेव्हा मला पुन्हा कामा हॉस्पिटलची गल्ली आठवली. तशी एक गाडी त्या रात्री तिथं असती तर, हा विचार माझ्या पिढीतल्या प्रत्येक पोलीस चालकाच्या मनात येऊन गेला असेल.

तेव्हा कुणी चिलखती गाडीवरच्या खर्चाला उधळपट्टी म्हटलं की मला राग येतो. शहराला ती गाडी हवी. जो माणूस दुसऱ्याला आणायला जातो त्याला निदान तिथपर्यंत जिवंत पोचता आलं पाहिजे, एवढंच तिचं काम, आणि त्यासाठी मोजलेला पैसा योग्य जागी गेला असं मी मानतो.

पण मला काम करायचं होतं सिंधुदुर्गात. १२१ किलोमीटरचा किनारा, उत्तरेला विजयदुर्ग, दक्षिणेला रेडी आणि तेरेखोलची खाडी. एमटी सेक्शनमध्ये आल्यावर आमच्या एका साहेबांनी मला विचारलं, "आपल्या जिल्ह्यासाठी अशी गाडी मागितली तर?" त्यांना घाई होती, पण त्यांनी विचारलं, हे महत्त्वाचं. खाली काम करणाऱ्याला विचारणारे अधिकारी मला जे काही मिळाले त्यांत ते होते. मी दोन दिवस मागितले. टेप आणि वही घेतली आणि फिरलो.

देवबागला गेलो. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. रस्ता एवढा अरुंद की दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकानं कुणाच्या तरी खळ्यात शिरायचं. तळाशीलला गेलो, तिथं गड नदीची खाडी आणि समुद्र यांच्यात तशीच पट्टी, पायाखाली वाळू. जड गाडी रस्ता सोडून दोन हात बाजूला गेली की चाकं रुतणार. आतल्या गावांकडे जाणारे साकव पाहिले. मोटारसायकल जाते, रिक्षा जाते, जीप चालक जपून काढतो. पाणंदीतून चिऱ्याच्या दोन गडग्यांमध्ये किती जागा राहते ते मोजलं. वहीत आकडे लिहिले आणि शेवटी साहेबांसाठी एका पानाची टिपणी केली. तिच्यात मी गाडी नको असं लिहिलं नाही. आपल्याकडे माणूस जिथं अडकतो तिथपर्यंत ही गाडी पोचत नाही, एवढं लिहिलं. आपल्याकडची माणसं पाण्यात अडकतात.

आमच्याकडे मग बोटी आल्या. केंद्राच्या सागरी सुरक्षा योजनेतून. या योजनेचा पहिला टप्पा २६/११ च्या आधीच, २००५ मध्ये सुरू झाला होता. देशभरात ७३ सागरी पोलीस ठाणी आणि २०४ बोटी मंजूर झाल्या होत्या. दुसरा टप्पा २०११ पासून. पाच टनी आणि बारा टनी बोटी, गोवा शिपयार्ड आणि कोलकात्याच्या गार्डन रीच कारखान्यात बांधलेल्या. तसं पाहिलं तर आमच्या किनाऱ्याला पहारा नवा नव्हता. १९९३ मध्ये रायगडात शेखाडीला आरडीएक्स उतरल्यानंतर नौदलानं 'ऑपरेशन स्वान' सुरू केलं, त्यात मच्छीमारांचे ट्रॉलर भाड्यानं घेऊन गस्त व्हायची. पण स्वतः पोलिसांच्या हातात असं वेगवान साधन पहिल्यांदाच येत होतं. पहिल्या दिवशी बोट पाहायला गेलो तेव्हा माझं मन भरून आलं. पांढरीशुभ्र, टोकदार नाळ, केबिनच्या टपावर रडार. बाबांना दाखवायला नेलं. ते बराच वेळ धक्क्यावर उभं राहून बोटीकडे नाही तर बोटीच्या खालच्या पाण्याकडे पाहत होते.

"बोट चांगली आसा," म्हणाले. "पण हिका हयसून भायर काढूक भरती व्हयी."

मी ऐकलं आणि सोडून दिलं. त्याची आठवण पुढं एका मे महिन्यात झाली. ठाणं कुठलं, खाडी कुठली, ते सांगत नाही. त्या ठाण्यातली माणसं जीव तोडून काम करणारी होती. मी बोटीसाठी बॅटऱ्या घेऊन गेलो होतो. संध्याकाळी सहा-साडेसहाला खबर आली की खाडीच्या तोंडाशी एक छोटी होडी उलटली, दोन भाऊ पाण्यात आहेत. ठाण्यातल्या सगळ्यांनी धाव घेतली. बोट धक्क्याला होती, टाकी भरलेली, इंजीन पहिल्या दमात सुरू झालं. मीसुद्धा चढलो, दोरखंड टाकायला हात हवा म्हणून. कंत्राटी तांडेल सुकाणूवर. आम्ही खाडीतून तोंडाकडे निघालो, आणि मुखापासून शंभरएक हात आत असताना खालून घासल्याचा आवाज आला. बोट टेकली. सुकती, म्हणजे ओहोटी, लागून अडीच तास झाले होते. तोंडाशी वाळूचा उंचवटा होता आणि त्यावर कमरेएवढंही पाणी उरलं नव्हतं. तांडेलानं इंजीन मागं घेतलं, पुन्हा पुढं घातलं, पंख्यानं गढूळ वाळू उसळून आली. समोर, लाटा फुटत होत्या त्याच्या पलीकडे, उलटी होडी दिसत होती आणि तिच्या पाठीवर दोन काळे ठिपके.

मी आयुष्यात एवढा हतबल कधी झालो नाही. हातात दोरखंड, पायाखाली लाखोंची बोट, आणि माणूस डोळ्यांसमोर.

तेवढ्यात आमच्या बाजूनं एक फायबरची होडी सरकत आली, मागं लहान आउटबोर्ड. तिच्यात गावातले एक म्हातारे तांडेल, सगळे त्यांना तात्या म्हणत, आणि त्यांचा नातू. "मी जातंय, तुमी थांबा," असं ओरडून ते आमच्या शेजारून, वाळूच्या उंचवट्याच्या अगदी कडेनं, ज्या फटीतून पाणी अजून वाहत होतं तिथून निघून गेले. नातवानं इंजीन उचलून धरलं होतं. वीस मिनिटांत ते दोघांना घेऊन परत आले. दोघं वाचले. थोरल्या भावाच्या तळहाताची कातडी सोलून निघाली होती. होडीच्या तळाला चिकटलेल्या शिंपल्यांना धरून तो तासभर लटकला होता, एका हातानं धाकट्याची कॉलर पकडून. मी त्याचा हात गोड्या पाण्यानं धुतला. शिंपल्यांचे कपरे तळव्यात रुतले होते, एकेक काढताना तो एकदाही कण्हला नाही. फक्त धाकट्याकडे बघत होता.

त्या रात्री ठाण्यात कुणी जेवलं नाही. बोटीचा दोष नव्हता. खोल समुद्रात तीच बोट वाऱ्यासारखी धावायची. माणसांचा दोष नव्हता. एकच नमुना ठरवून सगळ्या किनाऱ्यांसाठी बोटी मागवल्या गेल्या होत्या आणि त्या नमुन्यात आमच्या खाडीच्या तोंडाची वाळू कुठंच नव्हती. बोट पाण्यात किती बुडते याला कागदावर ड्राफ्ट म्हणतात. हा एक आकडा आणि आमच्या खाडीतलं उधाणाच्या सुकतीचं पाणी, हे दोन आकडे खरेदीच्या वेळी कुणी शेजारीशेजारी लिहिले नव्हते.

तेव्हापासून मी खरेदीच्या प्रत्येक कागदावर भांडत आलो. चिलखताचं आणि पाण्याचं एक वैर आहे. गाडीवर पोलाद चढवलं की ती जड होते, बोटीवर चढवलं की ती खोल बसते. जेवढं तुम्ही आतल्या माणसाला गोळीपासून वाचवाल तेवढे तुम्ही उथळ पाण्यातल्या माणसापासून लांब जाल. शहरात या सौद्यात पोलादाच्या बाजूनं जायचं. मालवणच्या खाडीत पाण्याच्या बाजूनं. दोन्हीकडे एकच यादी चालणार नाही, हे मी प्रत्येक बैठकीत सांगितलं. काही वेळा ऐकलं गेलं, काही वेळा निविदेची तारीख जवळ आली होती.

आणि खरेदीनंतरचं. खरेदीचा पैसा एका शीर्षातून येतो, डिझेलचा दुसऱ्या, दुरुस्तीचा तिसऱ्या. जिल्हा नियोजन समितीतून गाड्या मिळतात, समारंभ होतो, हिरवा झेंडा दाखवला जातो, फोटो छापून येतात. त्याच गाडीचे टायर तीन वर्षांनी मागायला गेलो की फाईल महिनोन्महिने फिरते. बोटीचं तर अजून नाजूक. खाऱ्या पाण्यातून आली की प्रत्येक वेळी इंजीन गोड्या पाण्यानं धुवावं लागतं. तळाला जस्ताचे तुकडे बसवलेले असतात. खारं पाणी धातू खातं, ते आधी जस्त खावं म्हणून. जस्त संपत आलं की बदलायचं, नाहीतर पाणी पंख्याकडे आणि शाफ्टकडे वळतं. पावसाळ्यात बोट वर काढून ठेवली तरी आठवड्यातून एकदा इंजीन फिरवायचं. हे सगळं लॉगबुकात लिहायचं. मी तरुण चालकांना सांगायचो, लॉगबुक साहेबांसाठी लिहू नका, पुढच्या वेळी जो माणूस पाण्यात पडेल त्याच्यासाठी लिहा.

चक्रीवादळांनी आम्हाला बरंच शिकवलं. ११ नोव्हेंबर २००९ च्या फयानच्या वेळी होड्या समुद्रात होत्या. १६ मे २०२१ ला तौक्ते आलं तेव्हा निदान पूर्वसूचना होती, किनाऱ्यावरची माणसं हलवता आली. पण करोनाची दुसरी लाट चालू होती. माणसं शाळेत आणायची तर त्यांच्यात अंतर ठेवायचं, दवाखान्यांची वीज जाऊ द्यायची नाही. त्या दिवशी माझ्या गाडीत सर्वांत मोलाची वस्तू कुठली होती तर झाडं कापायचं कटर. रस्त्यावर माड, आंबे, विजेचे खांब आडवे पडलेले. दोन कोयते, एक कटर, पाच माणसं. कापायचं, दोरखंडानं बाजूला ओढायचं, शंभर फूट पुढं जायचं, पुन्हा थांबायचं. एका म्हातारीला तिच्या घरातून उचलून आणलं. अर्धी कौलं उडाली होती, ती खाटेवर छत्री उघडून बसली होती. गाडीत बसवल्यावर माझ्या सीटच्या पाठीला हात लावून म्हणाली, "झिला, हळू चलव." त्या दिवशी वेगानं जाता येण्यासारखा रस्ताच नव्हता, तरी मी "होय गो आये" म्हटलं.

ऑगस्ट २०१९ मध्ये तेरेखोलचं पाणी बांद्याच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हाही हेच. पुराच्या पाण्यात उंच चाकांचा साधा ट्रक आणि रबरी बोट, या दोघांनी जे काम केलं ते कुठल्याही चिलखतानं केलं नसतं. एनडीआरएफची पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबऱ्याला. त्यांची माणसं फार चांगली, पावसाळ्यात आता त्यांच्या तुकड्या कोकणात आधीच येऊन थांबतात. पण घाट बंद झाला, तुकडी दुसऱ्या तालुक्यात अडकली, की पहिले तीन-चार तास गावाचेच असतात.

१५ एप्रिल २०१७ चं सांगायचं राहिलं. वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजची आठ मुलं बुडाली. ती सहलीला आली होती. एप्रिल महिना, आभाळ निरभ्र, लांबून समुद्र शांत दिसतो. आमच्या किनाऱ्यावर तसा दिवसच फसवा असतो. वर लाट बाहेर येते आणि खाली पाणी आत ओढतं. त्या मुलांच्या आईवडिलांना बेळगावहून येताना रस्त्यात किती तास लागले असतील, ते तास त्यांनी गाडीत कसे काढले असतील, हे मनातून जात नाही. माझा मुलगाही तेव्हा कॉलेजात होता. बुडणाऱ्या माणसाकडे मिनिटं असतात. त्या मिनिटांत पोचेल असं साधन कुठलं, ते कुठं ठेवलेलं असलं पाहिजे, ते कोण चालवणार, मला वाटतं खरेदीची फाईल इथून उघडली पाहिजे. किनाऱ्यावर ठेवलेली फळी, दोर, फुगवता येणारी बोट, शिट्टी, आणि पगार वेळेवर मिळणारा एक जीवरक्षक. ही यादी कुणाला छोटी वाटेल. मला वाटत नाही.

किनारी सुरक्षेच्या 'सागर कवच' सरावात वर्षातून दोनदा आम्ही खोटे अतिरेकी शोधायचो. नाकाबंदी, होड्यांची तपासणी, सागर सुरक्षा दलाची गावातली मुलं. त्या सरावांत बहुतेक वेळा पहिली खबर मच्छीमारांकडून आली, १०९३ या हेल्पलाइनवर. हा माणूस आपला नाही, ही होडी आपल्याकडची नाही, हे त्यांना रडारच्या आधी दिसतं. २६/११ नंतर याच मच्छीमारांना आम्ही रांगेत उभं करून ओळखपत्रं तपासली, कधी जरा जास्तच कडक आवाजात. ते मला आज टोचतं. तात्यांसारख्या माणसाला मी एकदा कार्ड विसरला म्हणून तासभर थांबवून ठेवलं होतं. त्या मेच्या संध्याकाळी ते आमच्या अडकलेल्या बोटीशेजारून गेले तेव्हा त्यांनी त्याची आठवण काढली नाही. मी काढली. नंतर त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा पाजला आणि विषय होड्यांच्या रंगावर नेला.

निवृत्तीनंतर मागच्या वर्षी एक फोन आला. एमटीतले नवे फौजदार. मला काका म्हणतात. "काका, बचावाच्या बोटीचा प्रस्ताव करतोय. उथळ पाण्यातली. नमुना पाठवू का, नजर टाकाल?" मी म्हटलं, नमुना राहू दे, तुम्ही या. पंचांग पाहून दिवस सांगितला, अमावास्येचा, उधाणाचा. वेळ सुकतीची.

ते आले, गणवेशात नव्हते. तात्या आता पाण्यात जात नाहीत, पण त्यांचा नातू होडी घेऊन आला होता. त्याच्याकडे एक सरळ लांब बांबू. आम्ही त्याच खाडीच्या तोंडाशी गेलो. वाळूचा उंचवटा मधल्या वर्षांत थोडा दक्षिणेला सरकला होता. फौजदारांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, मग ते पुरणार नाही हे पाहून तशीच भिजू दिली, आणि होडीतून खाली उतरले. नातवानं बांबू त्यांच्या हातात दिला. ते दोन पावलं पुढं गेले, बांबू वाळूत रोवला, पाण्याची रेघ जिथं आली तिथं चाकूनं खाच मारली. मग आणखी दोन पावलं. दुसरी खाच पहिलीच्या वितभर खाली आली.

"अजून पुढं?" त्यांनी विचारलं.

"अजून पुढं," नातू म्हणाला. "थंयसर अजून कमी आसा."

ते पुढं गेले. मी वही उघडली.